पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले : फॉरमॅट मारू की नको?

रानवारा

नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते.

बाबा (निवृत्त शिक्षक, मुक्काम सांगली) गेली काही वर्षं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करतायत. वंशावळी, जुन्या सनदांचे फोटो, कोण दत्तक गेलं, कोण बडोद्याला जाऊन राहिलं, सगळं. परवा त्यातली काही पानं छापायला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले. घरी येऊन लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर तो छोटा बाण. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो, पण त्याआधी एक काळी खिडकी चमकून जाते. आता घरातला दुसरा पेनड्राइव्ह लावला तर त्याचंही तेच झालं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "व्हायरस आहे काका, फॉरमॅट मारावा लागेल. डेटाची गॅरंटी नाही. आणि नवीन अँटीव्हायरस टाकून घ्या." बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला फोन केला. मी पुण्यात. कंप्युटरवर विंडोज १० आहे.

डेटा गेला का? फॉरमॅट खरंच मारावा लागतो का? आणि अँटीव्हायरस कुठला घेऊ?

आयटीतला हमाल

नाही. बहुतेक नाही. तिसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो, तीन प्रश्नांतला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे.

आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायला सांगा. वापरलेली जागा पूर्वीइतकीच दिसली तर फाइली जागेवर आहेत. व्हायरसची ही जात काही पुसत नाही. ती खऱ्या फोल्डरांवर 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारते, की विंडोज ते दाखवायचं बंद करतं. मग त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करून ठेवते. तुम्ही डबल क्लिक केलं की आधी लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे कंप्युटरला द्यायच्या हुकमांची छोटी फाइल, चालते (ती काळी खिडकी) आणि मग खरा फोल्डर उघडतो. फोल्डर उघडला म्हणून माणूस निर्धास्त. एका प्रकारात तर सगळ्या फाइली बिननावाच्या फोल्डरात सारलेल्या असतात. नाव असतं, पण ते न दिसणाऱ्या एका स्पेसचं असतं.

आधी कंप्युटर साफ करायचा, मग पेनड्राइव्ह. उलट केलंत तर पेनड्राइव्ह लावल्या लावल्या पुन्हा बाण.

कंप्युटरसाठी : सगळे पेनड्राइव्ह काढा. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात व्हायरसच्या भागात 'स्कॅन ऑप्शन्स', त्यात सगळ्यात खाली 'ऑफलाइन स्कॅन'. कंप्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, म्हणजे व्हायरसला जागं होऊन लपायला वावच मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात, बाबांना मध्ये बटण दाबू नका म्हणावं. नंतर टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब बघा. तिथे 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' नावाचं काही दिसलं तर तोच चोर. स्क्रिप्ट होस्ट स्वतः मायक्रोसॉफ्टचा, पण घरच्या कंप्युटरवर त्याने स्टार्टअपमध्ये बसायचं काही कारण नाही.

पेनड्राइव्हसाठी : लावा, पण आतल्या कशावरही डबल क्लिक करू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ :

अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*

(देवनागरीत लिहिलंय, टाइप इंग्रजीत करायचं. ई च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर. सी ड्राइव्हवर ही कमांड चुकूनही चालवू नका, विंडोजच्या स्वतःच्या फाइली मुद्दाम लपवलेल्या असतात.)

खरे फोल्डर वर येतील. बाणवाले शॉर्टकट आणि अनोळखी .व्हीबीएस किंवा .जेएस फाइली (याच त्या स्क्रिप्ट) उडवा. खरा डेटा कंप्युटरवर उतरवून घ्या आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅट मारायचाच तर तो इथे.

तिरसट

विंडोज काढा, लिनक्स टाका. धागा संपला.

सुपर्णा२

@तिरसट, निवृत्त शिक्षकांना जुन्या फॉन्टमधला कुलवृत्तांत लिनक्सवर उघडून द्यायला तुम्ही सांगलीला जाणार का?

मला एक बाळबोध प्रश्न. व्हायरस, वर्म, ट्रोजन, मालवेअर हे सगळं एकच ना?

आयटीतला हमाल

मालवेअर ही सगळ्यांची जात. व्हायरस दुसऱ्या फाइलीला किंवा डिस्कच्या बूट सेक्टरला (कंप्युटर सुरू होताना आधी वाचला जाणारा भाग) चिकटून राहतो, ती उघडली की पसरतो. वर्म कुणाला न चिकटता स्वतःच नेटवर्कवरून फिरतो. ट्रोजन म्हणजे साधूच्या वेषातला रावण. तो रेषा ओलांडत नाही, तुम्हाला ओलांडायला लावतो. आजकाल घरच्या कंप्युटरवर जे काही येतं त्यातलं बहुतेक या तिसऱ्या प्रकारातलं.

सुपर्णा२

समजलं. पण दोष सीतेला देऊ नका. :-)

फ्लॉपीयुगातला

धागा बघून हात शिवशिवले. जरा अवांतर.

पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस आपल्या शेजारचाच. १९८६, लाहोर, 'ब्रेन'. दोन भावांनी लिहिला आणि त्यात स्वतःच्या दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला, वर 'लस हवी असल्यास संपर्क साधा'. आपलं सॉफ्टवेअर चोरून वापरणाऱ्यांना पकडायला केला, असं त्यांचं म्हणणं. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून तो जगभर गेला आणि फोन सुरू झाले.

मग मायकेलअँजेलो. वर्षभर गप्प बसायचा आणि चित्रकाराच्या वाढदिवशी, ६ मार्चला, हार्ड डिस्कची सुरुवात पुसून टाकायचा. १९९२ साली त्याची एवढी हवा झाली, की लोक ५ तारखेच्या रात्री कंप्युटरची तारीख पुढे ढकलून थेट ७ मार्च करत. आणि २६ एप्रिल १९९९ ला फुटला सीआयएच उर्फ चेर्नोबिल, तैवानमधल्या एका विद्यार्थ्याचा. तो डिस्क पुसायचाच, पण काही मदरबोर्डांवरची बायोसची (कंप्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) चिपही खराब करायचा. म्हणजे कंप्युटर चालू करा, काहीच नाही, काळा पडदा. चिप बदला नाहीतर बोर्ड.

याच काळात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी क्विक हील उभं केलं. कैलास काटकर मुळात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कंप्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच जास्त दिसायला लागले, तेव्हा धाकट्या भावाने ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले. डॉसचा जमाना होता.

२००७ च्या आसपास कॉलेजात असलेल्यांना आणखी एक आठवेल. सायबर कॅफेत ऑर्कुट उघडलं की डबा यायचा, 'ऑर्कुट इज बॅन्ड यू फूल', आणि स्पीकरमधून राक्षसी हसू. लोकांना वाटायचं कॅफेवाल्याने बंदी घातली. तोही पेनड्राइव्हमधूनच फिरायचा.

आयटीतला हमाल

@फ्लॉपीयुगातला, दंडवत. तुमच्या ऑर्कुटवाल्यातूनच रानवारा यांचा प्रश्न सुटतो. तेव्हा पेनड्राइव्ह लावला की 'ऑटोरन'ची फाइल आपोआप चालायची, कुणी काही दाबायची गरजच नव्हती. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ते बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टावरही अपडेट पाठवून बंद केलं. मग व्हायरसवाल्यांना कुणीतरी डबल क्लिक करणारा हवा झाला. म्हणून आले हे शॉर्टकट.

अँटीव्हायरसचा प्रश्न मी मागे ढकलला तो एवढ्यासाठीच. चालवणारा हात आपलाच असेल, तर कुठल्या कंपनीचा डबा घेतला यापेक्षा तो हात कशावर पडतो हे जास्त महत्त्वाचं. आत्ताच एक सेटिंग करून टाका : फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये फाइलींची एक्स्टेन्शन (नावामागचं टिंबानंतरचं शेपूट) दिसतील असं करा. विंडोज ती मुळात लपवतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाची ईमेल जगभर फिरली. जोडलेली फाइल लोकांना .टीएक्सटी दिसत होती, शेपटाला .व्हीबीएस होतं आणि तेच लपलेलं होतं. एवढ्या वर्षांनीही 'लाइटबिल.पीडीएफ.एक्सई' अशा फाइली (दिसायला पीडीएफ, प्रत्यक्षात प्रोग्रॅम) येतात आणि उघडल्या जातात.

जुळाऱ्या

माझं डीटीपीचं काम आहे, त्यामुळे पेनड्राइव्हच्या व्हायरसबद्दल बोलायलाच नको, रोज वेगळा येतो. पण तो घरगुती त्रास. खरा फटका रॅन्समवेअरचा (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा मालवेअर), आणि तो माझ्या गाळ्याशेजारच्या दुकानात डोळ्यांनी बघितलाय.

ऐन लग्नसराई. त्या पोराने डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक करायला कुठलीशी साइट शोधली. डाउनलोड करताना साइटवरच लिहिलेलं, 'अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच आरडाओरडा करतो'. याने बंद केला. सेटअप चालवल्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्केवारी पुढे सरकतेय. तो चहाला माझ्याकडे आला. ती खिडकी खोटी होती. अपडेट दिसत होतं तेवढ्या वेळात मागे सगळ्या फाइलींना कुलूप लागत होतं, डिस्क घरघरली तर माणसाला वाटावं अपडेटच चाललंय. परत जाऊन बघतो तर प्रत्येक पत्रिकेच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर अर्धे, ४९०. वर खात्री म्हणून एक फाइल फुकट सोडवून देऊ. दुकानदारीच ती.

पैसे भरले नाहीत. पत्रिकांच्या मूळ फाइली गेल्या त्या गेल्याच. गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ पाठवलेली होती, ती मागून मागून पुन्हा जुळणी केली. 'श्री गजानन प्रसन्न'पासून.

आयटीतला हमाल

वर्णनावरून हा स्टॉप उर्फ डेजाव्हू. कंपन्यांच्या मागे न लागता घरगुती लोकांना आणि छोट्या दुकानांना धरणारा, आणि मुख्यतः क्रॅकमधून येणारा.

कुणाला झाला असेल तर चिठ्ठी आणि कुलपातल्या फाइली फेकू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीने याच्या १४८ उपजातींसाठी फुकट सोडवणूक आणली. त्यानंतरच्या उपजातींचं असं, की कुलूप लावताना व्हायरसला स्वतःच्या सर्व्हरशी बोलता आलं तर तुमच्यासाठी वेगळी किल्ली बनते, मग आशा सोडायची. इंटरनेट नसेल किंवा सर्व्हर बंद असेल तर सगळ्यांना सारखीच, आत भरून ठेवलेली किल्ली वापरतो. ती कधी ना कधी मिळू शकते. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर (युरोपोल, डच पोलीस आणि अँटीव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली) फाइल टाकून बघता येतं. आणखी एक, मोठ्या व्हिडिओंचा फक्त सुरुवातीचा तुकडाच हा खराब करतो, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ कधीकधी बरेचसे वाचवता येतात.

पण हे सगळं नंतरचं झालं. आधी बॅकअप. @रानवारा, बाबांना एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन द्या. आठवड्यातून एकदा लावायची, कुलवृत्तांत उतरवायचा, काढून कपाटात ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. शिवाय एक प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा तुमच्याकडे पुण्यात.

नाखवा

अपडेटबद्दल कुणीच बोललं नाही. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला आला, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. जूनमध्ये नॉटपेट्या आला, त्याने तेच भगदाड वापरलं आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. त्या दिवसांत उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा होत्या. कुठल्या तरी देशातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून (युक्रेन) सुटलेला किडा इथल्या ट्रेलरवाल्याच्या पोटावर आला.

त्यामुळे 'रीस्टार्ट करा' असं कंप्युटर म्हणाला की 'उद्या', 'उद्या' करू नका.

सातासमुद्रापार

माझी आई साताऱ्याला, मी जर्मनीत. दर रविवारी तक्रार : "अरे, कंप्युटर म्हणतोय पाच व्हायरस सापडले." उजव्या कोपऱ्यात लाल डबे येत राहतात, बंद केले तरी. अँटीव्हायरस चालवला, काही सापडत नाही. काय असावं?

आयटीतला हमाल

व्हायरस नाहीच. कधीतरी कुठल्या तरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का?' विचारलं आणि काकूंनी 'अलाउ' दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथल्या परवानगी दिलेल्या सगळ्या साइट उडवा. काकूंना उगाच घाबरवलं गेलं.

याचा थोरला भाऊ जास्त वाईट. पडदाभर निळी-लाल पाटी, सायरन आणि 'मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा'. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप करून ब्राउझर बंद. फोन केला की पलीकडचा माणूस रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावतो आणि मग बँकेचं खातं उघडायला. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, तासाभराचा उशीरही महागात पडतो. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते.

सुपर्णा२

भाचा एमपीएससीच्या नोट्सची पीडीएफ शोधत होता. एका साइटवर 'मी रोबोट नाही' आलं. टिक केल्यावर म्हणे, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्याने केलं. पीडीएफ मिळाली नाही, बाकी काही झालंही नाही. काही झालं नाही ना?

आयटीतला हमाल

झालं. बरंच काही. आजच लक्ष द्या.

टिक करताना त्या पानाने गुपचूप एक कमांड क्लिपबोर्डवर ठेवली. विंडोज-आर म्हणजे 'रन'चा डबा, कंट्रोल व्ही ने ती कमांड पडली, एंटरने चालली. माणूस असल्याचा पुरावा मागणारं कुठलंही खरं पान कीबोर्डची बटणं दाबायला सांगत नाही. यातून बहुतेकदा माहिती चोरणारे प्रोग्रॅम येतात. त्यातला लुमा फार गाजला, मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि पोलीस यंत्रणांनी त्याची सुमारे २,३०० डोमेन ताब्यात घेतली. पण धंदा बंद झाला असं समजू नका.

हे चोर कंप्युटर बिघडवत नाहीत, म्हणून 'काही झालं नाही' असं वाटतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतात आणि काही क्षणांत निघून जातात. कुकी हाती लागली की पासवर्ड, ओटीपी काहीच न विचारता तुमच्या खात्यात शिरता येतं. म्हणून नुसतं स्कॅन करून भागत नाही. दुसऱ्या यंत्रावरून, म्हणजे ताईंच्या मोबाइलवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि 'सगळीकडून लॉगआउट' करा. मग बँक, मग बाकीचं. त्या कंप्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही जाईल. तो कंप्युटर मात्र खरोखर फॉरमॅट करा.

सुपर्णा२

बापरे. लगेच करते. ईमेलमध्ये एक अनोळखी लॉगिन दिसतंय.

रानवारा

सगळ्यांचे आभार. काल व्हिडिओ कॉलवर बाबांकडून करून घेतलं. ऑफलाइन स्कॅनमध्ये एक स्क्रिप्ट सापडली, स्टार्टअपमधला स्क्रिप्ट होस्टही गेला. अ‍ॅट्रिबची ओळ बाबांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचत टाइप केली. फोल्डर आले, दत्तक गेलेले सगळे आजोबा सुखरूप. झेरॉक्सवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, सगळ्यांच्याच पेनड्राइव्हला होतं तसं." यापुढे बाबा त्याला पीडीएफ ईमेल करणार.

आता तरी सांगा, अँटीव्हायरस विकत घेऊ का? मशीनबरोबर आलेला एक आहे, मुदत संपून बरेच दिवस झाले.

आयटीतला हमाल

मुदत संपलेला आधी काढून टाका. तो धड राखण करत नाही आणि विंडोजच्या डिफेंडरचीही (विंडोजमध्येच फुकट असलेला अँटीव्हायरस) अडवणूक करू शकतो. काढल्यावर डिफेंडर चालू झालाय ना ते बघा. बाबांच्या वापरासाठी तो पुरेसा आहे. विकतचा घ्यायचा असेल तर घ्या, तक्रार नाही, फक्त एकच ठेवा. दोन ठेवले की एकमेकांत भांडतात. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही साफसफाईची साधनं फुकट आहेत.

बाबांच्या रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. काही इन्स्टॉल व्हायला गेलं की तो पासवर्ड मागेल आणि बाबा तुम्हाला फोन करतील.

नाखवा

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे कुणी सांगितलं का त्यांना?

आयटीतला हमाल

राहिलंच. @रानवारा, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन बघा, जादा सुरक्षा अपडेटांसाठी 'एनरोल' दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. त्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. पुढे विंडोज ११, पण त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मशीन कधीचं आहे?

रानवारा

२०१५ चं. म्हणजे नवं मशीन.

तिरसट

किंवा लिनक्स. सांगलीला जायला मी तयार आहे, चहा मिळणार असेल तर.